गुरुपादअप्पांची टाच

ताडकळसच्या बाजारपेठेत गुरुपादअप्पांचं किराणा दुकान होतं, पण गावात मान होता तो त्यांच्या उजव्या खांद्याला. श्रावणी सोमवारी महादेवाची पालखी निघायची. पुढचा दांडा अप्पांचा. आधी तो वडिलांचा होता. पालखी वाहायची ती अनवाणीच. ज्याला चालवत नाही त्यानं दांडा सोडायचा, आणि एकदा सोडलेला परत मागायचा नाही, असा रिवाज. चुलतभाऊ शंभुराज या दांड्यावर वर्षानुवर्षं डोळा ठेवून होता.

अशात पुतणीच्या साखरपुड्याला अप्पांनी परभणीहून कडक बूट आणले. जेवणाची पंगत उठेपर्यंत टाचेला मोठा फोड आला आणि फुटलाही. सोमवार तोंडावर.

सून रोहिणीनं मेडिकलमधून पातळ, कातडीच्या रंगाच्या पट्ट्या आणल्या.

"मामा, टाच धुवायची, कोरडी करायची, पट्टी लावून तळहातानं दाबून धरायची. आत पांढरं फुगंल, भिऊ नका. जखमंचं पाणी ओढून घेतीय ती. आपोआप सुटूस्तोर काढायची न्हाई."

अप्पांनी टाच धुतली. कोरडी केली. मग महादेवाचं नाव घेऊन तिच्यावर चिमूटभर भस्म लावलं. गल्ला, नातवाचं कपाळ, नवी मोटारसायकल, सगळ्यांना लावून झालं होतं. टाचेनंच काय घोडं मारलं होतं? पट्टी अंगणापर्यंतही टिकली नाही.

"लय महागाची, अन् चिकटंना," अप्पा करवादले.

"इबुतीवर काय चिकटंल?" सिद्धम्मा चुलीपुढून म्हणाली. तिचा संसार याच माणसाबरोबर झाला होता.

दुसरी पट्टी नीट बसली. पण कुणाला दुखलं-खुपलं की बघायला जायची गावात रीत, आणि आलेल्याला दाखवायचीही. भिवराबाईंना पट्टीतून काही दिसेना, म्हणून अप्पांनी कोपरा उचलला. नागनाथ मास्तरांनी आतलं पांढरं बघून निदान केलं, "पू हाय." अप्पांनी अख्खी पट्टी काढली. पू नव्हता. मास्तर नाराज होऊन गेले.

शेवटची पट्टी सिद्धम्मानं स्वतः लावली आणि वरून मोजा चढवला. आता आलेल्यांना चहा मिळायचा, टाच मिळायची नाही. दुखणं थांबलं, तरी अप्पांचं तोंड उतरलं. कुणाला दिसत नाही ती जखम असून नसल्यासारखी.

सोमवारी सकाळीच शंभुराज आला. हातात केळी. खाली बसून त्यानं अप्पांचा पाय मांडीवर घेतला.

"दादा, डोळ्याला डोळा न्हाई लागला माझा. बगू द्या की."

"मोजा हाय रं."

"मोजा? माझ्यापासून? मी काय परका हाय?"

आतून सिद्धम्मा ओरडली, "काढू नका म्हणलं ना!"

दारी आलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं? अप्पांनी मोजा उतरवला. पट्टी चारी कडांनी घट्ट होती. त्यांनी नख घातलं आणि झटक्यात ओढली. खाली गुलाबी, कोवळी कातडी धरली होती. तीही पट्टीबरोबर आली.

"अरारा," शंभुराज म्हणाला आणि लगेच उठला. त्याला आंघोळ करून देवळात जायचं होतं.

पालखी दारावरून गेली तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते. दांड्याखाली शंभुराजचा खांदा होता. अप्पांनी हात जोडले. डोळे भरून आले.

तेवढ्यात मिरवणुकीतून मनकर्णाआत्या बाजूला झाली आणि ओट्याशी येऊन वाकली.

"लय लागलं म्हणं. दाखव की."

अप्पांनी डोळे पुसले आणि टाच उजेडाकडे वळवली.