मँचेस्टरच्या बायका आणि आमचे अप्पा

आमच्या शाळेत जे काम कुणालाच नको असतं ते फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं. यंदा भित्तिपत्रकाचा विषय निघाला मँचेस्टर. "आपल्या सोलापूरला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायचे ना मॅडम? मग त्या गावाबद्दल फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी काढा," मुख्याध्यापक म्हणाले. गिरण्या बंद पडून जमाना झाला, नळाला पाणी येतं ते चार-चार दिवसांनी, आणि आम्ही मँचेस्टर! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि पेपर तपासायच्या दिवसांत तो माझ्याकडे नसतो. हो म्हटलं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. अप्पांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर सगळं आयुष्य काढलं. माग खडखडत राहिले आणि त्यांचे कान जात राहिले. आता शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना पत्ता नसतो. कानाचं मशीन आणलं, तर "नुसतं खरखरतंय" म्हणून ते डब्यात गेलं. मग मी ओरडते. गोळी घेतली का, ओरडते. दूध उतू जातंय, ओरडते. वर्गात दिवसभर घसा फोडून यायचं आणि घरी पुन्हा तेच. एकदा समोरच्या मावशींनी विचारलं, "रोज रोज म्हाताऱ्याशी काय गं भांडतीस?" त्यांच्यावरही ओरडावंसं वाटलं.

मी थकले होते. कुणाला तरी सांगायला हवं म्हणून कुर्डुवाडीला रेल्वेत असलेल्या भावाला सांगायचे. शाळेतून आले, दोघांचा चहा ओतला की फोन. अप्पा समोर खाटेवर बसलेले असायचे. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापासून लांब जाऊन बोलायचं कशाला? तिथंच बसून, हळू आवाजात म्हणायचे, "दादा, आता माझ्याच्यानं होत नाही रे. घेऊन जा त्यांना. कायमचं ने." तो "बघतो" म्हणायचा. त्याच्या बघतोला वर्ष होत आलं होतं.

एका रविवारी मँचेस्टर घेऊन बसले. समुद्रापासून लांबच्या त्या गावानं कालवा खणून बोटी थेट दारात आणल्या, हे वहीत उतरवलं. गुलामगिरीवरून अमेरिकेत पेटलेल्या लढाईमुळे कापूस यायचा थांबला, गिरण्या बंद पडल्या, घरोघरी उपास पडले, आणि तरीही तिथले किती तरी कामगार गुलामांच्या सुटकेच्या बाजूनं उभे राहिले, हेही उतरवलं. हे वाचून मात्र जरा बरं वाटलं. मग गिरणीतल्या बायकांची गोष्ट आली. त्या मुलखात मागांचा दणका एवढा असायचा, की बायका आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या आणि दुसरीचे ओठ बघून तिचं बोलणं ओळखायच्या. त्यांची नजर इतकी तयार, की रस्त्यापलीकडं दोघं काय बोलताहेत तेही त्यांना कळायचं. त्यांच्यादेखत गुपित बोलायची सोय नव्हती.

हे लिहिता लिहिता माझा हात थांबला. मान वर केली. अप्पा खाटेवर बसले होते, रोजच्या जागी, माझ्याकडं तोंड करून.

उठून त्यांच्यासमोर बसले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "अप्पा, चहा घेता का?"

"घेतो की. साखर कमी घाल."

ओरडल्यावर तीन-तीनदा "काय?" विचारणारा माणूस!

"फोनवरचं सगळं कळत होतं तुम्हाला?" मी ओठांनीच विचारलं.

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"ते तू दादाला सांगत हुतीस. मागावर कोण कुणाशी काय बोलतंय ते समद्यास्नी दिसतं. पर आपल्याला सांगितलं न्हाय, ते आपण मनात धरायचं न्हाय. न्हायतर तितं एक दिस निघायचा न्हाय." मग म्हणाले, "तू वरडतीस तवा मातर काय कळत न्हाय. निस्ता राग दिसतोय."

मला फार लाज वाटली. वर्षभर मी या माणसाला रोज समोर बसवून घराबाहेर काढत होते, आणि तो चहा पीत बघत होता.

"दमलीस हे मला कदी सांगितलं न्हाईस," अप्पा म्हणाले.

मग सांगितलं. रडत रडत, आवाज न काढता. दमलेय अप्पा, खूप दमलेय. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, एकदाही काय म्हणून विचारलं नाही.

त्या संध्याकाळी भावाला फोन लावला तो अप्पांकडं तोंड करून. म्हटलं, "कायमचं नको. महिनाभर ने. मला जरा झोपू दे, मग आणून सोड. आणि बघतो म्हणू नकोस, येत्या रविवारी ये."

अप्पांनी हात वर करून मला थांबवलं आणि दोन बोटं दाखवली. मला कळेना. तेव्हा त्यांनी आवाज न काढता, मागावर बोलत असतील तसे मोठे मोठे ओठ हलवले.

"दोन म्हैनं सांग त्याला. नीट नीज जरा."