वडपे ते ओंकारेश्वर : गाडीवर काय बांधावं आणि कशानं

माझ्या नातीला, सुप्रियाला, मोटारसायकलवरून लेहला जायचं होतं आणि तिच्या बापाला, म्हणजे माझ्या वामनला, ते नको होतं. महिनाभर घरात भांडी आपटली. शेवटी वामननं अट घातली. "माज्या आयेला मागं बसव आन् ओंकारेश्वर करून ये. दोघी धड आल्यात तर लेहचं बोलू. वाटंत काय झालं तर विषय बंद." त्याला वाटलं, म्हातारी नाही म्हणेल. मी त्याच संध्याकाळी दोन लुगडी वेगळी काढली.

सुप्रिया जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. गाडी दीडशे सीसीची, स्वतःच्या पगारातली. तिच्या मोटारसायकलवाल्या ग्रुपमधल्या पोरांनी सामानाची यादी दिली होती, बावीस जिनसा. मला वाटलं, लग्नाचा बस्ताच निघाला. पण पोरगी म्हणाली, "आजे, आत्ता फक्त पडल्यावर कामाला येईल तेवढं घ्यायचं. बाकीचं काय लागतं ते रस्त्यावर कळेल." लांब जाणाऱ्यांनी एवढं एक वाक्य लिहून ठेवलं तरी पैसे वाचतील.

कल्याणच्या दुकानातून दोन हेल्मेटं, तिला आतून जाड पट्ट्या असलेलं जाकीट आणि हातमोजे घेतले. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुम्हाला कशाला एवढं भारी हेल्मेट?"

"का, माझं डोकं सेलमधलं हाय?"

हातमोजे सातशेचे. तेवढ्यात माझं लुगडं आलं असतं, हे मी दुकानात दोनदा सांगितलं. मग सुप्रियानं सामान बांधायला आकड्यांचे दोन रबरी पट्टे उचलले, तेव्हा मी हात धरला. आमच्या भिवंडीत दोरी विकत घेतात का कुणी? लूमवर कापडाच्या कडेच्या चिंध्या निघतात, त्या वळून मी जन्मभर दोऱ्या केल्या. कोंबड्यांचा खुराडा, पाण्याचा पाईप, पडवीची ताडपत्री, सगळं त्याच दोरीवर उभं आहे. "सामान मी बांधणार," मी म्हटलं. तिनं पट्टे मात्र पिशवीत टाकले.

भिवंडीजवळच्या आमच्या वडप्याहून सकाळी सहाला निघालो. तेव्हा आग्रा रोड चौपदरी करायचं काम चालू होतं, त्यामुळे शहापूरपर्यंत वळणं आणि धूळ. माझी नऊवारी, काष्टा घातलेला, दोन्हीकडे पाय टाकून बसले. पाचवारीवाल्यांनी आपला काय तो विचार करावा. हेल्मेटमध्ये अंबाडा मावत नाही, वेणी घालून पाठीवर सोडावी. सीटवर गोधडीची दुहेरी घडी टाका. बावीस जिनसांत ती नव्हती, आणि तिच्याशिवाय माझं कंबरडं कसाऱ्यालाच राहिलं असतं.

सुप्रियाची एक शिस्त मला आवडली. तासाला थांबायचं म्हणजे थांबायचं. नाशिकच्या पुढं रस्ता सरळ, गार वारा, मी म्हटलं, "चल की, मी दमली न्हाय."

"तू नसशील. मी दमलेय का ते थांबल्यावरच कळतं."

चारला धुळ्यात पोचलो. खोली अडीचशे रुपये, बादलीभर गरम पाण्यासकट. शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. तिखट इतकं की सुप्रियाच्या डोळ्यांतून पाणी, आणि मी आणखी रस्सा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच सामान बांधलं. शिरपूर सोडलं की बिजासनचा घाट येतो. एका ट्रकच्या मागून हळूहळू चढत होतो आणि मागचं चाक एकदम अडकलं. गाडी कलंडली, आम्ही दोघी कडेच्या खडीवर. माझं हेल्मेट दगडावर वाजलं, आत डोकं शाबूत. सुप्रिया हातावर पडली. हातमोज्याचा तळवा फाटून लोंबत होता. आतला हात जसाच्या तसा.

माझ्या दोरीचं टोक सुटून चेनमध्ये गेलं होतं. चिंधीची दोरी हादऱ्यांनी सैल पडते. खुराडा हलत नाही, गाडी हलते. एवढी साधी गोष्ट साठी उलटलेल्या बाईला कळू नये.

ट्रकवाला धावत आला. "माताजी, लगी क्या?"

"मेरे को नहीं लगी. गाडी उचल पहले."

त्यानं आणि सुप्रियानं गाडी उभी केली. मग ती खाली बसली, चाक उलटं फिरवत एकेक चिंधी चाकूनं कापून काढली. अर्धा तास. चेन तपासली, ब्रेक तपासले, दहा पावलं गाडी ढकलून पाहिली.

"बोल की काय बोलायचं ते," मी म्हटलं.

"बोलून चेन निघते का? तो पट्टा दे." रबरी पट्टे ओढून बसवले, पिशव्या हलवून बघितल्या. गाडीवर बसल्यावर मात्र म्हणाली, "आजे, बाबांना सांगू नको हां. लेह गेलंच मग."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

सेंधव्याला पोहे-जिलेबी, पुढं खरगोनवरून संध्याकाळी ओंकारेश्वर. नर्मदा मोठी आहे, शांत आहे, नाववाले वीस रुपये सांगतात आणि दहावर येतात. दर्शन झालं. देवाकडे मी काही मागितलं नाही, मागण्यासारखं जे होतं ते पोरीनं घाटात करून दाखवलं होतं. परतीला प्रत्येक थांब्यावर ती आधी गाडीच्या मागं जायची, पट्टे ओढून बघायची, मग पाणी प्यायची. हजाराच्या वर किलोमीटर झाले. पेट्रोल, खोल्या, खाणं मिळून तीन हजारांच्या आत.

घरी वामन दारातच. जन्मभर टेम्पो चालवलेला माणूस, आधी गाडीकडे बघितलं. हँडलच्या टोकाचा ओरखडा त्याला लगेच दिसला. "ह्ये काय?"

सुप्रिया माझ्याकडे बघायला लागली.

"पडलो," मी म्हटलं. "बिजासनच्या घाटात. माझी दोरी चेनमध्ये गेली. पोरीची चूक न्हाय."

सुप्रियानं मान हलवली. "हाय, बाबा. दोरी आजीनं बांधली, पण निघायच्या आधी मागं बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

एवढं बोलून लेह हातानं घालवलं पोरीनं, असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर गप्प बसले असते.

वामननं तिच्या हातातला तो फाटका हातमोजा घेतला, आत स्वतःची दोन बोटं घालून तळव्याच्या भोकातून बाहेर काढली, परत आत घेतली.

"दोन जोड्या घे," तो म्हणाला. "तिकडं दुकान नसंल."