पिल्लं गिळणारा बगळा

सिन्नरच्या पलीकडे, बंधाऱ्याच्या फुगवट्याकाठी माझ्या आत्याचं घर होतं. सत्तरच्या दशकात, कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले होते. तिनं बदकं पाळली होती. पिल्लं एकेक करून नाहीशी होत होती. आतोबा म्हणायचे, "मुंगूस असंल."

एका सकाळी आम्ही दोघी काठावर धुणं धूत होतो. उथळ पाण्यात एक मोठा राखाडी बगळा केव्हाचा उभा होता. मासे खाणारा पक्षी, त्याच्याकडे कोण बघतंय! पिल्लांची रांग समोरून गेली, तसं त्यानं शेवटचं मानेला धरलं. ते चिरकायला लागलं. त्यानं ते पाण्यात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. हालचाल थांबल्यावर डोक्याकडून गिळायला लागला. इवले पाय चोचीबाहेर लोंबत होते.

आत्या धोपटणं घेऊन पाण्यात धावली. तोंडातल्या घासामुळे त्याला चटकन उडता येईना. पहिल्या फटक्यात पंख मोडला. ती त्याला धरायला वाकली आणि त्यानं पिल्लू टाकून सरळ तिच्या डोळ्यात चोच खुपसली. आत्या किंचाळली, पण मागे सरली नाही. तो मेल्यावरही मारत राहिली. पाणी लाल झालं होतं.

नाशिकच्या दवाखान्यात नर्सनं आतोबांना बाहेर काढलं. "खरं सांगा बाई, नवऱ्यानं मारलं ना?"

"बगळ्यानं. बदकाचं पिल्लू खात होता."

"बगळा बदक कधीपासून खायला लागला?"

मी म्हटलं, "मी पाहिलंय." तिनं माझी कीव केल्यासारखं पाहिलं.

संध्याकाळी माझे वडील आले, त्यांनाही नर्सनं तेच सांगितलं. आत्या त्यांची थोरली बहीण. दाजींसमोर कधी आवाज न चढवणाऱ्या वडिलांनी भर व्हरांड्यात त्यांच्या कानाखाली वाजवली. मग दुसरी. मी मध्ये पडले तर मलाही ढकललं. आतोबांचा ओठ फुटला. हात उचलला नाही त्यांनी.

"मारा पाव्हणं," ते म्हणाले. "माझी बहीण असती तर मीबी मारलं असतं."

आत्याचा डोळा गेला. गावातही कुणाला खरं वाटलं नाही. आतोबा टपरीवर आले की बोलणं थांबायचं. त्यांनी तिकडं जाणंच सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात वडील तिला कायमची माहेरी न्यायला आले, मीही सोबत होते. तिनं पिशवी भरली नाही. त्यांना काठावर नेऊन बसवलं आणि पिल्लं पाण्यात सोडली. ऊन चढल्यावर तसाच दुसरा बगळा आला. त्यानं पिल्लू धरताच वडिलांनी दगड उचलला. आत्यानं त्यांचं मनगट पकडलं.

"टाक तो. शेवटपर्यंत बघ."

पाय घशात उतरेपर्यंत वडील बघत राहिले. मग गोठ्याकडे गेले. आतोबा कडबा तोडत होते. "दाजी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"जेवून जा," आतोबा म्हणाले.

वडील जेवले. आत्यानं वाढलं, पण त्यांच्याशी ती पुढं दिवाळीपर्यंत बोलली नाही.