साडीच्या दुकानामागची खोली

कोणत्याही खोलीत पाऊल टाकलं की काका आधी उजवा हात वर करायचे. "थांब. आधी ऐकू दे." मग डोळे बारीक करून बोटांवर मोजायचे. "फ्रिज. बसचा ब्रेक. वरच्या मजल्यावरचा नळ. आणि तुझी चप्पल." चप्पल ऐकून मी पाय जवळ घ्यायची. माणसं एकमेकांना भेटली की हवापाण्याचं बोलतात. हे गृहस्थ आवाजांची हजेरी घ्यायचे.

शिकागोतल्या आमच्या छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात ते आले, तेव्हा पाटीवरचं मराठी आडनाव वाचून थेट माझ्या टेबलाशी पोचले. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, अंगात जाड कोट, हातात गुंडाळलेला आलेखाचा कागद. सगळी नोकरी त्यांनी हॉस्पिटलांमधल्या हवेच्या डक्टची ड्रॉइंग्ज करण्यात घालवली होती. कागदावर एक खोली होती, दहा फूट बाय बारा. डेव्हन ॲव्हेन्यूवर त्यांच्या एका गुजराती मित्राचं साडीचं दुकान होतं, त्याच्यामागची माल ठेवायची खोली.

"इथं माणसाला गप्प बसता यावं, एवढंच करायचं," ते म्हणाले. "देव नको, फोटो नको, संगीत नको. घड्याळ तर नकोच."

डेव्हन ॲव्हेन्यू तुम्ही पाहिली असेल तर तुम्हालाही माझ्यासारखं हसू आलं असतं. दुहेरी पार्क केलेल्या गाड्या, त्यांच्यामागे हॉर्न वाजवणाऱ्या बस, मिठाईच्या दुकानांचे धडधडणारे पंखे. मी म्हटलं, "काका, ध्यानाची खोली करायला हीच जागा मिळाली?"

"माणसं इथंच राहतात ना," ते म्हणाले.

भिंतीच्या आत दुसरी भिंत घातली, मध्ये पोकळी ठेवली. गल्लीच्या बाजूला उंचावर एक खिडकी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीलगत लाकडी बाक. डक्टला त्यांनी एवढी वळणं दिली की मी वैतागले. ते समजावायचे, "हवा धावली की बोलते. तिला चालायला लाव." दार तर आमच्या पोलिश सुतारानं तीन वेळा काढून पुन्हा बसवलं. बंद होताना कडीचा बारीक टक् असा आवाज येई. सुतार म्हणाला, "बॉस, नो वन विल नोटिस." काका शांतपणे म्हणाले, "आय विल." चौथ्या वेळी ते दार असं मिटलं, की मिटलं हे बघूनच कळायचं. त्या दाराचा मला फार अभिमान वाटला.

ओळखीच्या एका बाईंनी आत स्पीकरवर धबधब्याचा आवाज लावायची सूचना केली. काका नम्रपणे म्हणाले, "धबधबा ऐकायचा तर नायगाऱ्याला जाऊ या आपण सगळे."

हे सगळं कशासाठी, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका दुपारी मी त्यांना घरी सोडत होते. सिग्नलला गाडी थांबली आणि ते आपणहून बोलायला लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी तीन आठवडे हॉस्पिटलात होती. नातेवाइकांनी बसायच्या खोलीत भिंतीवर टीव्ही. त्याचा रिमोट कुणाकडेच नव्हता.

"एक बाई केक कसा करायचा ते सांगत होती," काका म्हणाले. "डॉक्टर तिथंच आले. तिथंच सांगितलं. ती बाई केकवर साखर भुरभुरवत होती."

सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे घेतली.

"अशा खोल्यांचे डक्ट मी जन्मभर काढले. इथं बसणार कोण, हे एकदाही विचारलं नाही."

त्या दिवसापासून काकूंना कुठलाही आवाज सहन होईना. घरातला टीव्ही गेला, रेडिओ गेला, फ्रिजसुद्धा त्या मधूनच बंद करायच्या. पण तिसऱ्या मजल्यावरच्या पातळ भिंतींच्या अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांना कोण बंद करणार?

खोली नोव्हेंबरात उघडली. माणसं आत डोकावली, बसली, बाहेर येऊन काकांचा हात हातात घेऊन गेली. काकू आल्या नव्हत्या. काका स्वतः आत गेले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा त्यांनी मला साड्यांच्या कपाटाआड नेलं.

"माझ्या कानात सतत वाजतं. डक्टची मापं घ्यायला बॉयलर रूममध्ये आयुष्य गेलं, त्याचं बक्षीस. रस्त्यावर असलो की ते बुडून जातं. पण शांत जागी गेलो की दुसरं काहीच उरत नाही. शिट्टी, नुसती शिट्टी."

"काकूंना माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस." मी कबूल केलं.

काकू फेब्रुवारीत आल्या. आत चाळीस मिनिटं होत्या. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"आवाज नाही," काकू म्हणाल्या. "पण ती केकवाली बाई आहेच."

काकांचा चेहरा मला बघवेना. जाताना ते माझ्याशी एवढंच बोलले, "तेवढं डिझाइनमध्ये बसत नाही गं."

तरी काकू दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग रोजच येऊ लागल्या, अकराच्या सुमाराला. काका बाहेर दुकानात बसायचे, गिऱ्हाइकांच्या गलक्यात, पदर-काठाच्या चर्चेत मान हलवत.

मे महिन्यात एका सकाळी ते तिथंच कोसळले. दुकानात आरडाओरडा झाला. ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत दाराशी आली, माणसं स्ट्रेचर घेऊन धावली. त्या गोंधळात काकूंची आठवण व्हायला काही मिनिटं गेली. मालकानं जाऊन खोलीचं दार उघडलं, तर काकू बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. "त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं," मालक मला नंतर म्हणाला. त्यांना बाहेर आणलं तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. त्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत काका गेले होते.

त्या दारावर नंतर हात ठेवायचं मला धाडस झालं नाही.

काकूंना त्यांच्या मुलानं दूर मॉरिसव्हिल गावी, आपल्या घरी नेलं. महिन्यापूर्वी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे त्या खोलीत कधी बसले नाहीत. का गं? मी विचारलं की म्हणायचे, तू बस."

मी वचन दिलं होतं. पण आता ते कुणासाठी पाळायचं? मी कानातल्या शिट्टीचं सांगितलं. शांततेत ती वाढायची, हेही सांगितलं.

"शिट्टी," काकूंनी एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, "घरातला रेडिओ मी उचलून देऊन टाकला होता. अडीच वर्षं आम्ही त्या सुन्न घरात बसलो. ह्यांनी एकदा तरी म्हणायचं होतं, लाव म्हणून."

त्यांच्या मागे नातवंडं इंग्रजीत कडाकडा भांडत होती. दार आपटलं, कुणीतरी किंचाळलं. काकूंनी त्यांना गप्प केलं नाही.