कणगीवरचा पासवर्ड

घरात कॉम्प्युटर आला तेव्हा ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं मी स्वतःकडे ठेवलं आणि बायकोला साधं खातं काढून दिलं. तिनं पासवर्ड विचारला तर म्हणालो, "तुला कशाला? काहीतरी बिघडवशील." सातबाऱ्यावर एकट्याचं नाव लागल्यासारखा रुबाब होता माझा.

पण विसराळू माणसाला रुबाब परवडत नाही. म्हणून पासवर्ड ठेवला भाताच्या वाणाचा, कर्जत-७, आणि तो खडूनं भाताच्या कणगीवर लिहिला. कणगीवर वाणाचं नाव असतंच, चोराला काय कळणार! स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

गेल्या दिवाळीनंतर बायकोनं मराठी कीबोर्ड टाकून मागितला. तिच्या माहेरी, कशेळ्याला, तिची आई लग्नातले धवले गाते. ऐंशी ओलांडल्यावर तिच्या आठवणीतून एकेक ओळ गळायला लागली होती. उरलेत तेवढे टाइप करून, छापून बहिणींना द्यायचे होते. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. मी ऐटीत कणगी बघून आलो आणि कर्जत-३ टाकला. चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक. मग चार दिवस मी कॉम्प्युटरला आणि विजेला शिव्या घातल्या. बायको वही घेऊन बसली तर तिला म्हणालो, "आज होईलच, दोनदा कशाला लिहितेस?"

पाचव्या दिवशी नाक मुठीत धरून तिला सगळं सांगितलं. ती हसत सुटली.

"अवो, नवा भात भरायच्या आधी कणगी सारवली ना मी! वरचं नाव गेलं, ते परत लिवलं. तुमी सात लिवलेलं, आत भात तीन नंबरचा. म्हटलं, यांना आपल्याच शेतातला वाण ठाऊक नाय. नीट करून ठेवलं."

सात टाकला, उघडलं. मी चांगलाच ओशाळलो आणि बसल्या बैठकीला तिलाच ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकलं. आता काही नवीन टाकायचं असलं की मी हाक मारतो आणि ती हातातलं काम उरकून मगच येते.

एकोणीस धवले लिहून झालेत. हळदीचा तेवढा अर्धाच आहे. त्या चार दिवसांत आईनं तो फोनवर पुरा म्हटला होता, आणि बायकोनं तिला सांगितलं होतं, "थांब गं, यांचं होऊ दे." नंतर आईला तो आठवलाच नाही. बायकोनं तिथं चार ओळींची जागा मोकळी सोडली आहे.