केतकीचा लॅपटॉप कुठल्या लाइनवर

इंटरनेटच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. तक्रार घेऊन माणूस आत येतो, जाताना किस्सा ठेवून जातो. रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी वायर ओढतो. शिक्षण सातवी. पण कुठलं घर कुठल्या वायरवर आहे, हे इंजिनिअरसुद्धा मलाच विचारतो. हे किस्से एका राउटरचे आणि मालगुंडच्या केतकीचे.

केतकी घरून कंपनीचं काम करते. आई अंथरुणाला खिळलेली, घरात तिसरं कोणी नाही. मीटिंग चालू असताना तिचं नेट अडकायचं. तिच्या साहेबाने सांगून टाकलं, शुक्रवारी चारच्या मीटिंगला पुन्हा अडकलं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. ती आमच्याकडे आली. खुर्ची दिली तर बसली नाही.

"आबा, पुण्याला गेले तर आईला कोण बघणार?"

आमच्याकडे दोन लाइनी. एक महागडी, भरवशाची, लांज्याहून हायवेच्या कडेने येणारी. दुसरी स्वस्त, टॉवरवरची. सगळी गिऱ्हाइकं स्वस्त लाइनवर, म्हणून तिथे कोंडी.

आमचा इंजिनिअर निलेश म्हणाला, "राउटर एरवी बघतो, नेटवरून जाणारा माल कुठे जायचाय. आपण त्याला सांगायचं, माल कोणाचा आहे ते बघ. केतकीचा असेल तर भरवशाच्या लाइनवर टाक. याला पॉलिसी रूटिंग म्हणतात."

मी म्हटलं, "मग बोलतोस काय? कर."

*

सोमवारी निलेशने नियम लिहिला. काहीच झालं नाही. केतकीचा माल स्वस्त लाइनवरूनच जात होता. निलेश दोन तास स्क्रीनकडे बघत बसला.

"नियम बसवलास कुठे?" मी विचारलं.

"माल बाहेर पडतो त्या तोंडावर."

"म्हणजे गाडी वळून गेल्यावर तू तिला पाटी दाखवतोस. पाटी फाट्याच्या आधी लावतात."

त्याने नियम काढून माल आत येतो त्या तोंडावर बसवला. चाललं! निलेशने आनंदाने टेबलावर थाप मारली. चहा सांडला. चहा माझा होता.

*

मंगळवारी मालक दिलीपशेठ आले. "माझं घर पण भरवशाच्या लाइनवर घाल. सगळ्यात वर लिही."

शिमग्यात देवाची पालखी गावात पहिली शेठच्या घरी येते. तोच मान त्यांना राउटरमध्ये पाहिजे होता. निलेशने घाईत शेठच्या एका घराऐवजी त्यांच्या अख्ख्या वाडीचा नंबर टाकला. दुपारी केतकीचा फोन, पुन्हा कोंडी.

तेवढ्यात शेठ हसत हसत आले. "लाइन झकास आहे. शेजारीसुद्धा खूश आहेत."

मी विचारलं, "शेजारी का खूश आहेत?"

निलेशने कपाळाला हात लावला. शेठचा नियम पुसला गेला. "पालखीचा मान तुमचा," मी शेठना सांगितलं, "इथला केतकीचा." शेठ एक दिवस बोलले नाहीत.

*

गुरुवारी लांज्याजवळ जेसीबीने भरवशाची लाइन तोडली. सगळ्या गिऱ्हाइकांचं नेट चालू. बंद फक्त केतकीचं.

"आबा, शेजाऱ्यांचं चाललंय. माझ्यासाठी एवढं केलंत आणि माझंच बंद?"

राउटर सांगितल्याप्रमाणे तिचा माल मेलेल्या लाइनवर टाकत बसला होता. लाइन जिवंत आहे का ते आधी बघ, नसेल तर दुसरी धर, हे निलेशने लिहिलंच नव्हतं.

"ओढ्यावरचा साकव मोडलेला दिसला की म्हैससुद्धा थांबते," मी म्हटलं.

निलेश म्हणाला, "आबा, म्हशीला कोणी ऑर्डर दिलेली नसते."

उत्तर चांगलं होतं. मी तसं म्हटलं नाही.

*

शुक्रवार. साडेतीन वाजले तरी लांज्याची लाइन जोडलेली नाही. निलेशने राहिलेलं लिहून टाकलं, म्हणून केतकी पुन्हा स्वस्त लाइनवर, तिथे मालगुंडची सगळी घरं.

ऑफिसात येऊन बसलेले दिलीपशेठ उठले. "एक तास तिचा लॅपटॉप सोडून मालगुंडात कोणाचा माल पुढे सोडू नको. शिव्या मी खातो."

निलेशने तसा नियम लिहिला. चार वाजता फोन सुरू झाले. मालगुंडच्या दुकानदाराचा आला. शाळेच्या मास्तरांचा आला. शेठच्या सासुरवाडीचा आला, तो शेठनी स्वतः घेतला आणि कानापासून लांब धरून ऐकला. मी सगळ्यांना एकच सांगत होतो, लाइन लांज्याला तुटली आहे. खोटं नव्हतं.

साडेचारला पुन्हा फोन. केतकीची आई, अंथरुणावरून.

"आबा, टीव्हीवरचं माझं कीर्तन बंद पडलं."

नियम लॅपटॉपचा होता. टीव्हीही नेटवरच चालतो, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. निलेशने घाईघाईने कीबोर्ड ओढला. मी त्याचं मनगट धरलं.

"वहिनी, केतकी कुठे आहे?"

"आतल्या खोलीत. अर्धा तास इंग्रजीत बोलत्येय. आत्ता हसली पण."

"कीर्तन पाचला चालू होईल, वहिनी."

त्या म्हणाल्या, "पाच म्हणजे पाच. त्याच्या आधी तिच्या लाइनला कोणाला हात लावू देऊ नका."