कागद आला की बोलतो

मावशीच्या वसतिगृहाच्या गेटवर एक गृहस्थ बसतात. मिशी फौजदाराची, काळीज सशाचं. खुर्चीवर उशी, उशीवर ते, आणि जगात कुणाचं काय चुकतं यावर त्यांचं भाष्य अखंड चालू. रेक्टरची गाडी दिसली रे दिसली, की भाष्य बंद आणि सलाम सुरू.

मावशी तिथली स्वयंपाकीण. तेलाचे डबे चोरल्याचा आळ घालून रेक्टरनं तिला घरी बसवलं आणि वर चौकशी लावली. डबे गेले होते रेक्टरच्याच गाडीतून. हे मावशीला कुणी सांगितलं? याच गृहस्थांनी, मागच्या दारी चहा पिता पिता, कुजबुजत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आम्ही दोघी गेटवर गेलो.

"दादा, एवढंच चौकशीत सांगा. माझी नोकरी वाचेल."

"ताई, मी एका पायावर तयार आहे! पण आपणहून कसा येऊ? रेक्टर म्हणेल, याला कुणी बोलावलं? तुम्ही समन्स आणा. कागद आला की बोलतो. सगळं बोलतो!"

छाती ठोकून बोलले. मनात म्हणाले असतील, ही बाई कुठली कागद आणते! त्या दिवशी मी त्यांचं नाव समन्सराव ठेवलं.

चौकशी कार्यालयातला कारकून म्हणाला, "याच माणसाला बोलवायचं कारण? मोघम चालत नाही." मावशीनं सांगितलं, मी लिहिलं: डबे गेले त्या दुपारी गेटवर हे एकटेच होते, बाहेर काय गेलं ते दुसरं कुणी सांगू शकत नाही. घरचा पत्ता समन्सरावांनीच खणखणीत आवाजात दिला.

समन्स परत आलं. त्या पत्त्यावर पिठाची गिरणी होती.

"अरे देवा, जुना पत्ता दिला वाटतं," समन्सराव म्हणाले.

"किती जुना? गहू पेरले तेव्हाचा?" मी विचारलं.

त्यांनी मिशीला पीळ दिला. मिशी तेवढी ताठ राहिली.

आम्ही दुसरा अर्ज केला. पत्ता लिहिला: वसतिगृहाचं गेट, उशीची खुर्ची. उशी मावशीनं खोडायला लावली. शिपायानं कागद भर दुपारी, रेक्टरच्या देखत त्यांच्या हातात ठेवला. सही करताना समन्सराव पेनाचं टोपण काढायचंच विसरले.

चौकशीच्या खोलीत रेक्टर पायावर पाय टाकून बसला होता. समन्सराव इस्त्रीच्या शर्टात आले आणि सवयीनं आधी त्यालाच सलाम ठोकला.

"डबे गाडीत जाताना पाहिलेत ना, दादा?" मावशीनं विचारलं.

"आठवत नाही."

"डिकी कुणी उघडली?"

"आता इतकं बारीकसारीक कुठे आठवतंय, ताई!"

रेक्टर हसला. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी खटपट करून कागद आणला आणि त्या कागदावरून चालत आलं काय, तर हे बुजगावणं! गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

मावशी मात्र चौकशी घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे वळली. "साहेब, लिहून घ्या. त्या दुपारी गेटवर कुणी नव्हतं. दादा झोपले असतील, नाहीतर घरी गेले असतील."

"कोण झोपलं?" समन्सराव उसळले. "मी गेट सोडत नाही! मांजरसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही!"

"असं?" अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "मग गाडीच्या डिकीत काय होतं?"

समन्सरावांनी रेक्टरकडे पाहिलं, मग त्या पेनाकडे. एकीकडे रेक्टरचा राग, दुसरीकडे ड्युटीवर झोपल्याचा ठपका. मावशीचा विचार दोन्हीकडे नव्हता.

"डबे," ते पुटपुटले. "तेलाचे. पण मी नुसतं डिकीचं झाकण धरलं होतं हो!"

मावशी कामावर परतली. समन्सराव हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला खिशातलं समन्स काढून दाखवतात. "मी उभा राहिलो म्हणून ताईंची नोकरी राहिली!"

आणि मावशी अजून त्यांना चहा पाठवते. माझा तिळपापड होतो.

"पिऊ दे गं," ती म्हणते. "चहा पोटात गेला, की आतलं सगळं बाहेर येतं त्यांच्या. त्याला अर्ज लागत नाही."